गोठ्यामागचा झरा

आख्टरवार्ड, ९ एप्रिल

प्रिय बेरेंट,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू हे पत्र फेकणार नाहीस, एवढी मला खात्री आहे. फोन तू ठेवून देतोस, ईमेल न उघडता पुसून टाकतोस, पण कागदाचं पत्र फेकणं आपल्या घरात कुणालाच जमलेलं नाही. आई तर अजून सोडतीची पत्रकंसुद्धा जपून ठेवते. चोवीस मेला तिला पंचाऐंशी पूर्ण होतील आणि तू कॅनडाहून येतोयस, तिकीटही काढलंयस, हे तिने मला एका दिवसात तीनदा फोन करून सांगितलं. संडासातल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर तिने त्या तारखेला स्वतःच्या नावाखाली तुझं नाव लाल पेनने लिहून ठेवलंय. मीही त्या दिवसाची वाट बघतेय, तिच्याइतकीच. आणि हे पत्र वाचून तू ते तिकीट रद्द करशील अशी मला भीती आहे. तरी लिहितेय. का, ते शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर तू मधलं वाचणार नाहीस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

या जानेवारीत वाल नदी पुन्हा चढली. आईने कळवलंच असेल, पण ती पाण्यापेक्षा पाहुण्यांबद्दल जास्त लिहिते. जर्मनीतला पाऊस आणि वितळलेला बर्फ एकदमच खाली आला आणि पाच दिवस नदीत पंच्याण्णवच्या पुराइतकंच पाणी होतं. फरक एवढाच की पंच्याण्णव साली अडीच लाख माणसं घरंदारं सोडून गेली होती, आणि या खेपेला आख्टरवार्डची शाळासुद्धा बंद ठेवली नाही. बांध साडेतीनशे मीटर मागे घेतला, मधल्या कुरणांतून नदीला दुसरा फाटा काढून दिला आणि तिला पसरायला जागा दिली, म्हणून पाणी गावापाशी त्या सालापेक्षा बत्तीस सेंटिमीटर खाली राहिलं. आकडा मी स्वतः मोजपट्टीवर वाचला. तू म्हणशील, झाली हिची टिमकी वाजवायला सुरुवात. वाजवणारच. आयुष्यातली एकोणीस वर्षं मी त्या बत्तीस सेंटिमीटरांमागे घालवलीत.

पण गंमत ऐक. तो फाटा नुसता खड्डा नाही. त्याच्या तळाशी आम्ही मेलेली झाडं साखळ्यांनी बांधून ठेवलीत, माशांना आडोसा हवा म्हणून. त्यातली अकरा आपल्या शेजारच्या वाउटरची, त्याच्या बागेतली म्हातारी नासपतीची. तो भेटेल त्याला सांगतो, "झाडं जिवंत होती तोवर ही बाई फवारणीवरून माझ्याशी भांडली, आणि मेल्यावर उचलून माशांना दिली. मी मेलो की मलाही साखळीने बांधेल, बघा!" आणि हेच म्हातारं दर रविवारी नातवंडांना घेऊन फाट्यावर जातं, चमच्यासारख्या चोचीचे ते पांढरे पक्षी मोजायला. मोजणी चुकली की पोरांनाच ओरडतं.

कोबुस आठवतो ना, पाणउंदीर पकडणारा? जन्मभर त्याने बांध पोखरणारे उंदीर मारले, आणि आता फाट्याकाठच्या नव्या रानात बीव्हर आलेत, उंदरांचेच दांडगे भाऊबंद. त्यांना हात लावायची बंदी. पूर आला की बीव्हरची घरं बुडतात आणि ते सरळ बांधात बीळ खणायला लागतात, म्हणून त्यांच्यासाठी कुरणात मातीचे उंच ढिगारे करून ठेवावे लागतात. ते काम कोबुसकडे आहे. "शत्रूला बंगला बांधून देतोय मी," म्हणतो, "तोही नदीच्या दर्शनी बाजूला." जानेवारीत तिथे सात बीव्हर ओळीने बसलेले मी दुर्बिणीतून पाहिले. बांधाला त्यांनी नख लावलं नाही. त्या दिवशी कोबुसने आम्हा सगळ्यांना वाटाण्याचं दाट सूप पाजलं आणि वर म्हणाला की आनंदबिनंद काही झालेला नाही, उरलं होतं म्हणून आणलं.

आता मुद्द्याकडे येते. पुराच्या तिसऱ्या दिवशी सकाळी नव्या बांधाच्या अलीकडे, वाउटरच्या शीतगृहाच्या मागे एक झरा फुटला. आपल्या गावात हे काही नवीन नाही. नदी चढली की तिचं पाणी बांधाच्या पोटाखालच्या वाळूतून वाट काढतं आणि अलीकडच्या जमिनीतून वर येतं. पाणी स्वच्छ असेल तोवर येऊ द्यायचं. पाण्याबरोबर वाळू यायला लागली की समजायचं, बांध खालून पोकळ होतोय. इथे वाळू येत होती. मी आमच्या बांधसेनेच्या चौदा स्वयंसेवकांना बोलावलं. त्यात शाळेची मुख्याध्यापिका, दोन केशकर्तनवाले आणि बहात्तर वर्षांचा वाउटर. आम्ही झऱ्याला हात लावला नाही. त्याच्याभोवती वाळूच्या पोत्यांचं गोल कडं रचलं, विहिरीला असतं तसं, चार थर. कड्यात पाणी चढत गेलं, त्या चढलेल्या पाण्याच्याच वजनाने खालचा जोर कमी झाला, वाळू थांबली आणि वरून नितळ पाणी वाहायला लागलं. सव्वा तासाचं काम. शेवटचं पोतं ठेवून झाल्यावर वाउटर मला म्हणाला, "तीनेके, बेरेंटला एकदा सांगायला हवं होतं गं. आपण सगळ्यांनीच चूक केली."

बेरेंट, आता मी जे लिहिणार आहे ते बसून वाच.

पंच्याण्णवच्या जानेवारीचा शेवटचा दिवस. तू एकोणीस वर्षांचा, मी पंचवीसची, जलमंडळात नुकतीच लागलेली. गाव रिकामं करायचा हुकूम आला होता आणि आपल्या साठ गाईंसाठी ट्रक यायचे होते. बाबा बांधाचे मुकादम, ते पलीकडच्या टोकाला गस्तीवर होते. गोठ्यामागे झरा फुटलेला तू पाहिलास. एकटा होतास. पोती ओढत आणलीस आणि थेट झऱ्यावर टाकलीस, एकावर एक, साठेक तरी असतील, आणि वर शेणखताने भरलेली ट्रॉली नेऊन उभी केलीस. झरा बंद झाला. ट्रकबरोबर आलेल्या वर्तमानपत्रवाल्याने तुझा फोटो काढला, चिखलाने माखलेला, एक हात ट्रॉलीच्या चाकावर. दुसऱ्या दिवशी सगळ्या प्रांताने तो पाहिला: आख्टरवार्डच्या पोराने बांध धरला. तेव्हा तू शेवटच्या ट्रकमधून गाईंबरोबर मामांकडे निघून गेला होतास. आई आधीच गेली होती.

तू गेल्यावर काय झालं ते तुला कुणी सांगितलं नाही. तासाभरात गोठ्याची फरशी उचलली गेली. एका जागी दाबलेल्या पाण्याने तीन नव्या जागा शोधल्या, दोन गोठ्यात आणि एक दूधघराच्या उंबऱ्यापाशी, आणि तिन्हींतून करडी वाळू भसाभसा वर येत होती, ओल्या सिमेंटसारखी. बाबांनी एकदा बघितलं आणि ट्रॉलीकडे धावले. त्यांना मी त्या दिवसाआधी कधी धावताना पाहिलं नव्हतं. ट्रॉली ओढून काढली, तुझी पोती उचलली, आणि मग चारही झऱ्यांना कडी घातली. बाबा, मी, वाउटर, कोबुस आणि खालच्या गावचे दोघे भाऊ. सहा माणसं, पाच तास. बांधाच्या अलीकडच्या उताराला हातभर लांब चीर गेली होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर आपलं घर तर गेलंच असतं, मागे बाराशे घरांचा सखल पट्टा होता तोही गेला असता. हे मी तुला दुखवायला लिहीत नाही. मी इंजिनिअर म्हणून लिहितेय, आणि ती चीर मी स्वतः हात घालून बघितलीय.

तुझी चूक कशी झाली तेही मला माहीत आहे. आजोबा म्हणायचे, झरा दिसला की बूच मारायचं. त्यांच्या काळी सगळे तेच करायचे आणि नशिबाने वाचायचे. कडं घालायचं बाबाही जलमंडळाच्या शिबिरातच शिकले होते. ज्या शनिवारी ते शिबिर होतं त्या शनिवारी कालवे गोठले होते आणि आख्टरवार्डची तरणी पोरं एकजात बर्फावर स्केटिंग करायला गेली होती. या देशात बर्फ धरला की शिबिराला कोण जातं? मीसुद्धा नोकरी नसती तर गेले नसते.

कडी घालून झाल्यावर बाबा बांधावर बसले, चिखलाचे हात पँटला पुसले आणि आम्हा पाचही जणांना म्हणाले, "माझ्या पोराला यातलं काही कळता कामा नये. तो जीव तोडून राबलाय. उद्या पेपरात फोटो आला की लोक त्याला डोक्यावर घेतील, राहू दे तिथेच." वाउटरने विचारलं, "हारमेन, आणि पुढच्या पुराला?" बाबा म्हणाले, "पुढच्या पुराला मी घरी असेन." झालं. पाचही जणांनी मिठाची गुळणी धरली ती धरलीच. तो फोटो वर्षानुवर्षं खानावळीच्या भिंतीवर होता आणि त्याच्याखाली बसून वाउटर तुझ्या पाठीवर थाप मारायचा. तेव्हा मला ते फार थोर वाटायचं. आता नाही वाटत.

कारण बाबा त्यानंतर गोठ्यात कधी निवांत उभे राहिले नाहीत. दर हिवाळ्यात नदी जरा चढली की ते खाली वाकून फरशीला तळहात लावायचे. तू हसायचास, "बाबा, फरशीला ताप आलाय का?" आपल्या वाड्याखालून नदीचा एक जुना, वाळूने भरलेला फाटा जातो, हे त्यांना त्या दिवशी कळलं होतं. त्या जागेवर कितीही उंच बांध घाला, पाय पोकळच. मग दोन हजार आठ साली बांध मागे घेऊन आपलं शेत नदीला सोडायची योजना आली, तू वकील गाठलास, सात शेजारी तुझ्या बाजूने उभे केलेस, गावच्या सभागृहात टेबलावर मूठ आपटलीस, आणि म्हणूनच दुसऱ्या सकाळी बाबांनी जाऊन जमीन सोडायच्या कागदावर सगळ्यांच्या आधी सही केली. तुझी फळी तिथेच फुटली. तू मला म्हणालास, "तुझ्या नकाशांसाठी तू म्हाताऱ्याला फितवलंस." भर अंगणात म्हणालास, दूध न्यायला आलेल्या माणसासमोर.

मी फितवलं नव्हतं. मी तर त्यांना थांबा म्हणत होते. योजनेत काम करणाऱ्या बाईच्या बापाने पहिली सही केली तर लोक काय म्हणतील, याची मला लाज वाटत होती. ते म्हणाले, "बेरेंटला कारण सांगायचं तर तो दिवस सांगावा लागेल. शेत तर जातंयच त्याच्या हातून, निदान तेवढं राहू दे. तो तुझ्यावर चिडला तर चिडू दे. तुला सोसेल, त्याला सोसणार नाही." मी वचन दिलं. खरं सांगू, मला त्यात थोडा अभिमानही वाटला, की घरात सोसणारी मी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, पण संन्यासी स्वतःच गळा पुढे करून उभा होता. नंतर तू कॅनडाला गेलास. बाबांच्या अंत्यविधीला आलास तेव्हा, नंतर सगळ्यांना कॉफी-केक देतात त्या वेळी, केकचा तुकडा हातात धरून खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला उभा होतास, आणि मी दोन कप कॉफी घेऊन तुझ्याकडे निघाले तर तू कोट घालायला लागलास. त्या दिवशी मला तुझा इतका राग आला की तिथेच सगळ्यांसमोर सगळं ओकून टाकावं असं वाटलं. दोन्ही कप मीच प्यायले. पंधरा वर्षं मी तुझ्यावर चिडलेय बेरेंट, आणि पंधरा वर्षं मला तुझी आठवण येते. दोन्ही एकदम होऊ शकतं, हे मला आधी माहीत नव्हतं.

बाबांना शेत सोडून वाईट वाटलं का, असं तू आईला एकदा विचारलं होतंस. वाटलं. घर पाडायच्या दिवशी ते आले नाहीत, पण आठवड्याने गेले आणि जिथे गोठा होता तिथे यंत्राने खणलेल्या खड्ड्यात उतरले. खालची करडी वाळू मुठीत घेऊन मला दाखवली. म्हणाले, "बघ, हिच्यावर मी चाळीस वर्षं झोपलो." मग घरी येऊन त्यांनी पोटभर जेवण केलं आणि दुपारी तीन तास गाढ झोपले. आईने मला फोन करून सांगितलं, एवढं तिला त्याचं नवल वाटलं. नवा बांध पुरा झालेला बघायला ते राहिले नाहीत. आज त्या जागी पाच फूट पाणी आहे, आणि काठच्या विलोच्या झाडांमध्ये खंड्या बसतो. तुला ते पक्ष्यांचं उद्यान वाटतं, वाटू दे. आलास तर मी तुला तिथे नेणार होते, उन्हाच्या वेळी, होडीतून. तू नाही म्हणाला असतास आणि मी तरी नेलं असतं.

आता का लिहिलं ते सांगते. गेल्या रविवारी आईने तुझं पत्र भिंग लावून मला वाचून दाखवलं. यंदा तुमच्याकडे डोंगरांवर बर्फ फार आहे, मेच्या अखेरीला फ्रेझर नदी दुथडी भरेल असं सगळे म्हणतात, आणि तुमच्या गावाने बांधावरच्या गस्तीचा प्रमुख म्हणून तुला निवडलंय. चौतीस माणसं तुझ्या हाताखाली. तू लिहिलंयस, "मी त्यांना पंच्याण्णवची गोष्ट सांगितली. झरा दिसला की वर वजन टाकायचं, घाबरायचं नाही. शेणखताच्या सहा ट्रॉल्या भरून तयार ठेवल्यात." आई वाचता वाचता थांबली. तिला सगळं माहीत आहे, बाबांनी शेवटच्या आजारात सांगितलं होतं. भिंग खाली ठेवून ती म्हणाली, "लिही त्याला. मी जिवंत आहे तोवर लिही, म्हणजे त्याला माझ्याकडे तुझी तक्रार करता येईल." तेव्हा वचन मोडलं. ट्रॉल्या रिकाम्या कर. झऱ्यावर काहीही ठेवू नकोस, बेरेंट, पोतंसुद्धा नाही. भोवती कडं घाला, पाणी नितळ होईपर्यंत उंच करा आणि नितळ पाणी वाहू द्या. सोबत चित्र काढून पाठवतेय, मापांसह. सरकारी इंजिनिअर येतील तेव्हा येतील. पहिला तास तुमच्या चौतीस जणांचा असतो. आणि मेमध्ये येऊ नकोस. त्याच आठवड्यात तुमची नदी चढणार असेल तर तुझी जागा तिथे आहे. आई म्हणते तिचा वाढदिवस ऑगस्टमध्येही होऊ शकतो, कॅलेंडर काय, खोडता येतं. त्या माणसांपुढे उभं राहून तुला सांगावं लागेल की पंच्याण्णव साली मी चुकलो होतो, बांध मी नाही, इतरांनी वाचवला. बाबांना वाटायचं, तुला ते सोसणार नाही. मी तुला लहानपणापासून ओळखते. तुला सोसेल. आपल्या बाबांची एवढी एकच गोष्ट चुकली.

तुझीच, कायमची थोरली,
तीनेके